निवतीच्या समुद्रातली ती बत्ती विझते-पेटते की फिरते? (दहा वडापावची पैज लागली आहे)

रंकाळा_चौपाटी
मंडळी मदत करा, घरात भांडण लागलंय.

मागच्या आठवड्यात सगळं खटलं घेऊन भोगव्याला गेलतो. राधानगरी, फोंडा, कणकवली, कुडाळ, परुळे असं. रात्री जेवून वाळूत बसलो होतो. मी, आण्णा (वडील, उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढलेली), दाजी आणि नववीतली भाची. समोर काळाकुट्ट समुद्र आणि लांब आत एक दिवा. लागतोय, जातोय. लागतोय, जातोय. दिवसा बघितलं तर तिथं खडक आहेत आणि खडकावर टॉवर. रूमवाला म्हणाला निवती रॉकचं लाइटहाऊस, नकाशात वेंगुर्ला रॉक्स म्हणून आहे.

भाची म्हणाली टायमर असणार, ऑन-ऑफ. आण्णा म्हणाले दिवा कधी विझतच नसतो, आत काहीतरी फिरतंय. दाजींनी लगेच पैज लावून दिली, स्वतः मात्र कुठल्या बाजूला ते सांगितलं नाही. सेकंद मोजायला बसलो तर तिघांचे तीन आकडे.

तर कोण बरोबर? आणि माझा स्वतःचा प्रश्न असा की भर समुद्रात खडकावर हे बांधतात कसं? पहिलाच दगड लाटेनं जात नाही का? आणि आता प्रत्येक होडीत जीपीएस आहे तर हे दिवे ठेवलेत कशाला?

झणझणीत_कट
वडापाव कुठला ते आधी ठरवा. पैजेपेक्षा ते महत्त्वाचं.

सातवी_गल्ली
भावा एक नंबर प्रश्न. मला पण लहानपणापासून वाटायचं की आत एक माणूस बसलाय आणि बटन दाबतोय.

रंकाळा_चौपाटी
@सातवी_गल्ली भावा नव्हे, ताई आहे मी.

सदाशिव_नाही
पण तुम्ही 'बसलो होतो', 'गेलतो' लिहिलंय की.

रंकाळा_चौपाटी
कोल्हापूरची आहे. आमच्यात पोरी पण 'मी आलो, मी जेवलो'च म्हणतात. पुण्याचे का तुम्ही?

सदाशिव_नाही
नाव वाचा की ताई.

खाडीवयलो
आण्णांका दहा वडापाव देवा. बत्ती इझणा नाय, भिंग फिरता. आमचो आजो मासेमारीक जाय तेव्हा बत्तीचे फेरे मोजूनच रात्री येळ काढी. घड्याळ खय होता तेव्हा.

भिंगरी
जुन्या पद्धतीनं बघितलं तर आण्णा शंभर टक्के बरोबर, पण भाचीला लगेच हरवू नका, तिच्याकडे शेवटी येते.

आधी हे समजून घ्या की साधा दिवा उजेड चारी बाजूंना उधळतो. वर आकाशात, खाली दगडावर, मागे जमिनीकडे. जहाजाला हवा तो क्षितिजाच्या पट्टीत, बाकीचा सगळा वाया. पूर्वी दिव्यामागे चकचकीत आरसे लावायचे पण त्यातही बराच उजेड मरायचा. साधं बहिर्गोल भिंग लावावं तर एवढ्या कामाला ते इतकं जाड लागणार की वजनानं टॉवर खाली बसायचा आणि जाड काचेतून उजेडही कमी बाहेर येणार.

इथं फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं डोकं चालवलं. भिंगात काम करतो तो फक्त वरचा बाक, आतली काच नुसती भरताड. मग ती काढून टाकली आणि बाक तेवढा गोल गोल कड्यांमध्ये पायऱ्यापायऱ्यांनी ठेवला. कांद्याच्या चकत्या ताटलीत मांडल्यावर दिसतात तसं समोरून दिसतं. १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोर्दुआँच्या दीपगृहात पहिलं भिंग चढलं. सगळ्यात मोठ्या जातीच्या भिंगात दिवा ते काच अंतरच ९२ सेंटिमीटर, म्हणजे आत माणूस उभा राहून काच पुसू शकतो.

आता फिरण्याचं. दिवा मधे स्थिर, सतत पेटलेला. भोवती समजा तीन भिंगं, म्हणजे तीन झोत तीन दिशांना. हा सगळा पिंजरा सावकाश फिरवायचा. झोत तुमच्या डोळ्यावरून गेला की दिवा 'लागला', पुढे गेला की 'विझला'. पिंजरा ३० सेकंदांत एक फेरी मारत असेल तर तुम्हाला दर १० सेकंदाला एक लखकन दिसणार. दिवा बिचारा विझलेलाच नसतो, तुमची पाळी संपलेली असते.

झणझणीत_कट
'तुमची पाळी संपलेली असते' हे आमच्या नळाला पण लागू आहे.

रंकाळा_चौपाटी
@भिंगरी आण्णांना वाचून दाखवलं. जिंकल्याचं त्यांना काही पडलेलं नाही, त्यांचा प्रश्न वेगळाच आला. म्हणे एवढा काचेचा पिंजरा वजनाला किती, आणि बेअरिंग कसलं घातलंय?

भिंगरी
लेथवरच्या माणसाचा प्रश्न! मोठी भिंगं फ्रेमसकट काही टनांत जातात. सुरुवातीला खाली रोलर असायचे, ते झिजायचे, अडकायचे, म्हणून फिरवायचं पण अगदी हळू. एक फेरी व्हायला कित्येक मिनिटं, म्हणजे जहाजावरचा माणूस अंधारात वाट बघत बसायचा पुढच्या झोताची.

मग १८९० च्या सुमाराला फ्रेंचांनीच पारा आणला. गोल कढईसारखी खोबण, त्यात पारा, आणि त्यावर अख्खं भिंग तरंगत ठेवलेलं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे थोड्याशा पाऱ्यावर सुद्धा टनानं वजन तरंगतं. एका बोटानं ढकललं की फिरतं. फिरवायला घड्याळाचं यंत्र, टॉवरच्या मधून खाली सुटलेलं वजन, आणि ते वजन खाली टेकायच्या आत हँडल मारून परत वर चढवायचं. रात्रभर, दर काही तासांनी, पाऊस असो नाहीतर ताप आलेला असो.

रंकाळा_चौपाटी
आण्णा पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे बेअरिंगच नाही की." मग परत गप्प. आता चहा थंड झालाय त्यांचा.

बेलफळ
मी सिव्हिलवाला आहे त्यामुळे बांधलं कसं यावर लिहितो, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

खडकावरच्या दीपगृहांची सगळी गोष्ट इंग्लंडच्या एडिस्टन नावाच्या खडकापासून सुरू होते. प्लिमथ बंदराच्या तोंडाशी पण किनाऱ्यापासून १४ किलोमीटर आत, भरतीला जवळजवळ पाण्याखाली जाणारा. तिथं एकामागून एक चार दीपगृहं झाली आणि प्रत्येकानं पुढच्याला काहीतरी शिकवलं.

पहिलं विन्स्टॅन्ली नावाच्या गृहस्थानं बांधलं. त्यानं जहाजांत पैसे घातले होते, दोन जहाजं याच खडकावर फुटली म्हणून चिडून स्वतःच उठला. काम चालू असताना फ्रेंच लुटारूंनी त्याला उचलून नेला, फ्रान्स-इंग्लंड युद्ध चालू होतं, पण फ्रान्सच्या राजानं सोडून दिला, कारण दीपगृह सगळ्यांच्याच कामाचं. १६९८ मध्ये दिवा लागला. लाकूडकाम, सज्जे, नक्षी, एखाद्या वाड्यासारखं. त्याची इच्छा होती की मोठ्यात मोठं वादळ येईल तेव्हा आपण आत असावं. १७०३ च्या नोव्हेंबरात ते वादळ आलं, तो खरोखर आत होता, सकाळी खडकावर चार वाकलेल्या सळ्यांशिवाय काही नव्हतं.

दुसरं रडयर्डचं, १७०९. हा तर रेशमाचा व्यापारी. त्यानं नक्षी बाजूला ठेवून गुळगुळीत निमुळता सुळका केला, जहाजाच्या बुडासारख्या लाकडी फळ्यांचा. लाटांना धरायला काही ठेवलंच नाही. सेहेचाळीस वर्षं टिकलं आणि मग पाण्यानं नाही, आगीनं गेलं.

तिसरं स्मीटनचं, आणि माझ्या मते खरं दीपगृह हेच. १७५६ ला सुरुवात, १७५९ ला दिवा. त्यानं आकार घेतला ओकच्या झाडाच्या बुंध्याचा, खाली रुंद, वर निमुळता होत जाणारा, म्हणजे सगळं वजन तळाला. ग्रॅनाइटचे दगड एकमेकांत अडकतील असे कापले. सुतार ड्रॉवरच्या कोपऱ्याला डवटेल सांधा मारतात बघा, पारव्याच्या पसरट शेपटीसारखा, तो दगडात. खडकाच्या उतारालाही तशाच खाचा घेतल्या. एक दगड उचलायचा तर शेजारचे सगळे उचलायला लागतील. वरच्या-खालच्या थरांत संगमरवराच्या खुंट्या.

म्हणजे ताई, पहिला दगड लाटेनं का जात नाही तर तो खडकातच कुलूपबंद केलेला असतो. आणि हे दगड किनाऱ्यावरच्या आवारात आधी जुळवून बघायचे, मगच होडीत घालायचे. समुद्रात बसून छिन्नी मारायला वेळ कुणाला.

फोंडाघाट
हे दगडात दगड अडकवणं आपल्याकडे काय नवीन आहे? खिद्रापूरला जाऊन बघा, अंबाबाईचं देऊळ बघा. जगात भारी.

बेलफळ
@फोंडाघाट कौतुक आहेच. पण खिद्रापूरच्या मंदिरावर दिवसातून दोनदा समुद्र चढत नाही. कृष्णामाई वर्षातून एकदा येते तीही पाय धुऊन जाते.

खरी मेख चुन्यात आहे, ती राहिलीच. साधा चुना हवेवर वाळून घट्ट होतो, पाण्यात तो होतच नाही, विरघळून जातो. स्मीटननं वेगवेगळ्या ठिकाणचे चुनखडीचे दगड आणून भाजून बघितले आणि त्याच्या लक्षात आलं की ज्या दगडात मातीचा अंश आहे त्याचा चुना पाण्याखालीही धरतो. त्याच्या आधी सगळे म्हणायचे दगड जितका शुद्ध नि कडक तितका चुना चांगला, हे बरोबर उलटं निघालं. वेल्समधला असा चुना आणि इटलीची ज्वालामुखीची राख मिसळून त्यानं सांधे भरले. आज आपण जे सिमेंट वापरतो त्याची वाट तिथून निघाली. एका दीपगृहापायी.

झणझणीत_कट
आमच्या आज्ज्यानं वाडा बांधताना चुन्यात गूळ आणि बेलफळ घातलेलं. स्मीटनला कोल्हापुरी गूळ मिळाला असता तर आज पण उभं असतं.

बेलफळ
माझं नाव त्यातूनच घेतलंय भावा! आणि हसण्यासारखं नाही ते, चुना मळताना गूळ-बेलफळ घालायची रीत खरीच होती. राहता राहिलं उभं असण्याचं, तर स्मीटनचा टॉवर पडला नाहीच. सव्वाशे वर्षांनी टॉवर ठणठणीत होता, खालचा खडक लाटांनी पोखरला. मोठी लाट आली की टॉवर हलायचा. शेवटी शेजारच्या खडकावर १८८२ मध्ये डग्लसनं चौथं बांधलं, ४९ मीटरचं, ते अजून चालू आहे. स्मीटनचा वरचा भाग दगड दगड सोडवून प्लिमथला नेऊन परत उभा केला, बुडखा मात्र निघता निघेना, तो अजून समुद्रात तसाच उभा आहे.

डग्लसनं एक दुरुस्ती केली. स्मीटनचा बाक लाटेला घसरगुंडी उलटी मिळावी तसा व्हायचा, लाट त्यावरून सरळ वर दिव्यापर्यंत चढायची. म्हणून डग्लसनं तळ उभ्या भिंतीचा गोल भरीव ठेवला, लाट तिथंच आपटून फुटते, आणि त्याच्यावर मग निमुळता टॉवर.

सातवी_गल्ली
दुसऱ्या टॉवरला आग कशी काय लागली समुद्रात?

बेलफळ
मेणबत्त्यांचे कंदील आणि वर लाकडी छप्पर, आणखी काय पाहिजे. त्या रात्री पहाऱ्यावर हेन्री हॉल नावाचा म्हातारा होता, वय ९४ सांगतात. तो खालून बादलीनं पाणी वर फेकत होता आणि छपराचं शिसं वितळून खाली येत होतं, त्यातलं त्याच्या उघड्या तोंडात गेलं. किनाऱ्यावर आल्यावर सांगत होता की माझ्या पोटात शिसं आहे, कुणी विश्वास ठेवला नाही. बारा दिवसांनी गेला. डॉक्टरनं पोट फाडून बघितलं तर शिशाचा गोळा, दोनशे ग्रॅमच्या आसपास.

सदाशिव_नाही
काहीही. वितळलेलं शिसं गिळून बारा दिवस?

बेलफळ
तेव्हाच्या शास्त्रज्ञांनीही हेच म्हटलं. तो गोळा आज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे. मी काय करू.

झणझणीत_कट
९४ व्या वर्षी नाइट ड्यूटी. आणि आमचे साहेब ५२ ला व्हीआरएस घेतो म्हणतात.

जहाजी_काका
उशिरा आलो धाग्यावर. तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, मूळ रत्नागिरीचा, आता मुलाकडे ताराबाई पार्कात असतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, जीपीएस असताना दिवा कशाला.

आधी एक गैरसमज काढतो. लोकांना वाटतं दिवा म्हणजे 'या या, इकडे या'. तसं नसतं. बहुतेक वेळा तो 'लांब रहा' सांगत असतो, पण त्याहून मोठं काम म्हणजे स्वतःचं नाव सांगणं. रात्री किनाऱ्यावर काय एक दिवा असतो का? हॉटेलं, मंदिरं, मोबाइलचे टॉवर, मासेमारीच्या होड्या. त्यातला दीपगृहाचा कुठला? म्हणून प्रत्येकाची चाल वेगळी ठेवतात. कुणी दहा सेकंदाला एकदा, कुणी वीस सेकंदांत दोनदा, कुणाचा उजेड जास्त वेळ नि अंधार थोडा, त्याला ऑकल्टिंग म्हणतो आम्ही. नकाशावर प्रत्येक दिव्याशेजारी त्याची चाल छापलेली असते. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, उभं राहून स्टॉपवॉच लावायचं, मोजायचं, नकाशात बघायचं, की कळलं कोण आहे समोर. वाळूत बसून तुम्ही जे केलंत तेच, फक्त आमच्यात तिघांचे तीन आकडे आले तर कॅप्टन शिव्या घालायचा.

दिवसा काय? दिवसा रंग. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला खडकांवर प्राँग्सचं दीपगृह आहे, १८७५ चं, थॉमस ऑर्मिस्टननं बांधलेलं. त्याला लाल, पांढरे, काळे पट्टे आहेत. शोभेला नाहीत ते, दिवसा लांबून टॉवर उठून दिसावा नि ओळखू यावा म्हणून. ओहोटीला चालत जाता येतं तिथं, पण परतायची वेळ चुकली की बसा रात्रभर.

आणि जीपीएस. आहे, उत्तम आहे. पण जीपीएस तुम्हाला आकडा सांगतं, तो आकडा चुकतोय की काय हे जीपीएस सांगत नाही. हल्ली तर मुद्दाम सिग्नल बिघडवण्याचे प्रकार होतात काही समुद्रांत. माझा एक जुना कॅप्टन म्हणायचा, स्क्रीन बघ आणि खिडकीतून पण बघ. खिडकीतून बघायला काहीतरी पाहिजे ना.

फोंडाघाट
काका एक शंका, हे सगळं चालवायचा खर्च कोण करतं?

जहाजी_काका
जहाजं. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजाकडून दिव्यांचा कर घेतात, लाइट ड्यूज. केंद्राचं दीपगृह खातं आहे, आधी १९२७ चा कायदा होता, आता २०२१ चा नवीन. एडिस्टनलासुद्धा जवळून जाणाऱ्या जहाजांकडून टनाला एक पेनी घ्यायचे.

झणझणीत_कट
म्हणजे समुद्रातला टोल! काका हे कोल्हापुरात मोठ्यानं बोलू नका. टोल घालवलेलं गाव आहे हे, उद्या खडकावर मोर्चा निघंल.

सातवी_गल्ली
पन्हाळ्यावरून दिसंल काय हो कुठलं दीपगृह? एकदम क्लिअर रात्र असली तर?

भिंगरी
मस्त प्रश्न, गणित करू. पृथ्वी गोल असल्यामुळे किती लांबचं दिसतं त्याचा ढोबळ हिशोब: उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढायचं, ३.५७ नं गुणायचं, किलोमीटर आले. वाळूत बसलेल्या माणसाचा डोळा दीड मीटरवर, त्याला साधारण साडेचार किलोमीटरवरचं पाणी दिसतं, पुढचं क्षितिजाखाली. दिवा पाण्यापासून ४० मीटरवर असेल तर त्याचे साडेबावीस. दोन्हींची बेरीज सत्तावीस, तेवढ्या लांबून तो दिवा क्षितिजावर टेकलेला दिसेल. टॉवर उंच का किंवा डोंगरावर का बांधतात ते यातच आलं.

पन्हाळा साडेनऊशे मीटर धरा. एकशे दहा किलोमीटर येतात! समुद्र सरळ रेषेत त्याहून जवळ आहे. कागदावर दिसायला पाहिजे.

सातवी_गल्ली
आयला!!

भिंगरी
पण मधे सह्याद्री उभा आहे की. आणि एवढ्या लांब जायला तेवढा दिवाही ताकदीचा पाहिजे.

सातवी_गल्ली
आमच्या आनंदाची पाळी संपली.

दुर्बीणवाली
त्या खडकांबद्दल कुणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. वर दिवा आहे ते ठीक, पण त्या बेटांवर समुद्रानं कोरलेल्या गुहा आहेत आणि त्यात पाकोळ्या राहतात, इंडियन स्विफ्टलेट. चिमणीपेक्षाही लहान, काळपट तपकिरी. गुहेत आत खोल अंधार, तिथं त्या टकटक असा आवाज काढत उडतात आणि आवाज भिंतीवरून परत येतो त्यावरून वाट काढतात, वटवाघळासारखं. घरटं थुंकीनं भिंतीला चिकटवतात. परदेशात या जातीच्या घरट्यांचं सूप पितात म्हणून इथली घरटीसुद्धा चोरीला गेली होती, मग अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी लक्ष घातलं. मी होडीतूनच बघितलंय, तिथं उठसूट उतरायचं नसतं. आमच्या होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि आतून तो आवाज आला. बारीक कंगव्यावरून नख फिरवल्यासारखा.

रंकाळा_चौपाटी
@दुर्बीणवाली बाप रे. म्हणजे वर उजेड फिरवून वाट दाखवायची आणि खाली हे अंधारात आवाजावर. आम्ही चार दिवस राहिलो आणि कुणी सांगितलं नाही. रूमवाल्यानं बोटीचे पैसे मात्र दोनदा घेतले, एकदा दाजींकडून, एकदा माझ्याकडून.

खाडीवयलो
ताई, नाव सांगा त्येचा, बघतंय.

रंकाळा_चौपाटी
नको, सोलकढी चांगली होती त्याची.

फोंडाघाट
अलिबागजवळच्या खांदेरी बेटाचं पण येऊ दे की धाग्यात. महाराजांनी १६७९ ला खांदेरी बांधायला घेतली, मायनाक भंडारी तिथं इंग्रजांना पुरून उरला. त्याच बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे आणि १९९८ ला बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं. एक दगड आहे तिथं, वाजवला की भांड्यासारखा टणकन वाजतो, आणि वेताळाचं देऊळ. २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत आपला पन्हाळा आणि खांदेरी दोन्ही आहेत. म्हणजे पन्हाळ्यावरून दीपगृह दिसत नसलं तरी यादीत शेजारी.

सदाशिव_नाही
पन्हाळ्याला दीपगृह जोडूनच दिलं शेवटी. मानलं.

सातवी_गल्ली
आत राहणाऱ्या माणसांचं सांगा की कुणीतरी. एकट्यानं वेड लागत असंल.

जहाजी_काका
एकटं ठेवत नाहीत. ब्रिटनमध्ये स्मॉल्स म्हणून खडक आहे, तिथं दोन रखवालदार असायचे. त्यातला एक मेला. दुसऱ्याला भीती की प्रेत समुद्रात सोडलं तर लोक म्हणतील यानंच मारला, कारण दोघांचं पटत नव्हतं हे गावभर माहीत. म्हणून त्यानं पेटी ठोकून प्रेत बाहेर बांधून ठेवलं. वादळामुळे होडी कितीतरी दिवस येईना. तेवढ्या रात्री दिवा मात्र एकदाही चुकला नाही. त्यानंतर तिघांची पद्धत पडली. तरी १९०० च्या डिसेंबरात स्कॉटलंडच्या फ्लॅनन बेटांवरचे तिघेच्या तिघे नाहीसे झाले, ते आजवर सापडले नाहीत.

झणझणीत_कट
काका रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोपू द्या.

भिंगरी
पाऱ्याची वाफ तब्येतीला वाईट हेही त्यात धरा. आणि माणूस लागूच नये म्हणून डोकं चालवणारा एक होता, गुस्ताफ दालेन, स्वीडनचा. १९०७ मध्ये त्यानं सूर्यझडप केली. चार दांड्या, एक काळी, तीन चकचकीत. दिवस उजाडला की काळी दांडी जास्त ऊन खाते, जास्त तापते, केसभर लांब होते आणि गॅसची वाट बंद करते. सूर्य मावळला की आखडते, गॅस सुटतो, छोट्या ज्योतीवर दिवा पेटतो. वीज नाही, घड्याळ नाही, माणूस नाही. १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल याला मिळालं, आणि त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या, म्हणजे याच दिव्यांत जळणाऱ्या गॅसच्या, स्फोटात त्याचे डोळे गेले.

फोंडाघाट
राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांसारखंच झालं की. पाणी चढलं की आपोआप उघडतात, कुणी बटन दाबत नाही.

भिंगरी
@फोंडाघाट यावेळी तुमचं उदाहरण चपखल बसलं, वाद नाही.

आता भाचीकडे. ॲसिटिलीनच्या दिव्यात ज्योत खरोखर पेटायची-विझायची, गॅस वाचावा म्हणून. आणि हल्लीचे एलईडी दिवे सरळ सर्किटवर लुकलुकतात, भिंग फिरत नाही. म्हणजे टायमर असूच शकतो! ओळखायचं कसं? फिरणाऱ्या भिंगाचा उजेड आधी मंद दिसतो, फुगतो, लख्ख होतो, परत ओसरतो. हवेत दमटपणा असला तर झोत चाकाच्या आऱ्यासारखा सरकताना दिसतो. एलईडी लागतो खटकन आणि जातो खटकन. ताई, व्हिडिओ काढलाय का?

रंकाळा_चौपाटी
काढलाय. चार मिनिटांचा. त्यात पहिली वीस सेकंद दिवा आहे, तोही हलतोय, मग भाचीला खेकडा दिसला.

झणझणीत_कट
खेकडा ऑन-ऑफ होतोय की फिरतोय?

रंकाळा_चौपाटी
तीन दिवसांनी परत येतोय धाग्यावर, कारण घरात वेगळंच सुरू झालंय.

आण्णांनी परवा गच्चीवर बादली भरून ठेवली. त्यात स्टीलचं पातेलं तरंगत सोडलं. पातेल्याच्या काठाला समोरासमोर दोन भिंगं एम-सीलनं उभी केली, एक त्यांचं पेपर वाचायचं आणि एक भाचीच्या सायन्स किटमधलं. मला म्हणाले मोबाइलचा टॉर्च पातेल्यात ठेवू नको, दिवा फिरायचा नाही, भिंग फिरायचं. म्हणून कपडे वाळत घालायच्या तारेवरून वायरनं छोटा बल्ब बरोबर मधे सोडला. ओळंबा लावून, खोटं नाही सांगत. पहिल्यांदा पातेलं एकीकडे कलंडलं तर समोर नटबोल्ट ठेवून बॅलन्स केलं.

लाइट घालवले आणि आण्णांनी पातेल्याला एक बोट लावलं. समोरच्या बिल्डिंगवर आळीपाळीनं दोन उजेडाचे डाग सावकाश सरकायला लागले. भाची पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून मोजत होती. पहिल्यांदा सहा सेकंदाला, मग आठ, मग दहा. बोट काढून कितीतरी वेळ झाला तरी फिरतच होतं.

समोरच्या काकू खिडकीत येऊन ओरडल्या, काय डीजे लावताय काय. आण्णा म्हणाले, वैनी, तुमचं गलबत सांभाळा.

बेलफळ
आण्णांना साष्टांग.

जहाजी_काका
सहा, आठ, दहा अशी चाल बदलत गेली तर आमचं जहाज गेलं खडकावर. पण पाण्यावर एवढं फिरलं म्हणजे कामगिरी आहे. त्यांना नमस्कार सांगा, एकदा येतो बघायला.

खाडीवयलो
वडापावचा काय झाला?

रंकाळा_चौपाटी
भाची म्हणते गच्चीवरचं काही चालणार नाही, निवतीचा दिवा खटकन लागतो की फुगतो ते तिथं जाऊन बघितल्याशिवाय पैज मिटत नाही. मे महिन्यात परत जायचं ठरलंय, यावेळी ट्रायपॉड घेऊन, आणि बोटीचे पैसे एकदाच.

आण्णांचं लक्ष नाही. बादली तशीच ठेवायला सांगितली आहे, उद्या गुजरीतून आणखी दोन भिंगं आणणार आहेत, सोनारांची.